भाच्याचे दात, दोन डॉक्टर आणि एक प्रश्न: आत्ता की नंतर?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना माझ्या तोंडात दर दोन वाक्यांनी "ॲक्च्युअली" येतं, ते तेवढं काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी डेंटिस्ट नाही. मी बी.टेक. केलेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या भाच्याच्या दातांच्या निमित्ताने मी या विषयात गळ्यापर्यंत बुडालो. तेव्हा मराठीत कुणी नीट समजावून सांगणारं सापडलं नाही. म्हणून हा भाग. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अजून लग्नंही झाली नसतील, पण घरात भाचा, पुतणी, धाकटा भाऊ असेल. आणि घरात "मोबाईलवर बघून सांग जरा" हे काम तुमच्याकडेच येतं, हे मला पक्कं माहीत आहे.

सुरुवात एका व्हिडिओने झाली

भाच्याला घरात सगळे चिकू म्हणतात. ताईने फॅमिली ग्रुपवर त्याचा वाढदिवसाचा व्हिडिओ टाकला. केक कापताना तो हसला आणि मला दिसलं की तोंड मिटताना त्याची हनुवटी उजवीकडे सरकते. मी व्हिडिओ थांबवून दोनदा बघितला. वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोन दातांमधली रेघ जुळत नव्हती. खालची चांगलीच उजवीकडे होती.

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मला वाटलं तो मुद्दाम तोंड वाकडं करतो." आई मागून ओरडली, "दुधाचे दात आहेत रे, पडतील आपोआप. तुझेपण असेच होते." घरोघरी हाच डायलॉग असतो. पडलेला दात कौलावर टाकायचा, नवा सरळ येतो, विषय संपला.

ताई त्याला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, "अजून लहान आहे. सगळे दात येऊ देत, बारा वर्षांचा झाला की तारा लावू." ताईचा जीव भांड्यात पडला. मग मी आग्रह केला म्हणून पुण्यात दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. तिथे पाच मिनिटांत स्कॅन, स्क्रीनवर थ्रीडी चित्र आणि हातात कोटेशन: आत्ता अलायनर, बाराव्या वर्षी पुन्हा अलायनर, दोन्ही मिळून लाखाच्या वर, आणि आज पैसे भरले तर सवलत.

एक म्हणतो काहीच नको, दुसरा म्हणतो सगळं आजच. दाजींचं छोटं हार्डवेअरचं दुकान आहे. त्या रात्री ते मला फोनवर एवढंच म्हणाले, "पैसे लागतील ते लागतील, जमवू. पण उगाच लागायला नकोत. आणि नाही केलं म्हणून पोराचं तोंड वाकडं राहायला नको." आम्हाला उत्तर हवं होतं ते याच प्रश्नाचं.

आधी हे समजून घेऊ: डबा आणि झाकण

तिसऱ्यांदा आम्ही एका डेंटल कॉलेजच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात गेलो. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे पाच वर्षांचं बी.डी.एस. करून पुढे तीन वर्षं फक्त दात आणि जबड्यांची ठेवण शिकलेला डॉक्टर. तिथल्या मॅडमनी चिकूच्या हातात स्टीलचा डबा दिला आणि म्हणाल्या, "झाकण लाव." त्याने लावलं. "झाकण आत गेलं की बाहेरून बसलं?" "बाहेरून." "बरोबर. वरचे दात म्हणजे झाकण, खालचे दात म्हणजे डबा. झाकण सगळीकडून बाहेर पाहिजे."

एवढं कळलं की अर्धं काम झालं. तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर बसायला हवेत, पुढेही आणि दोन्ही बाजूंना दाढांपाशीही. झाकण कुठे आत गेलं तर त्याला क्रॉसबाइट म्हणतात. चिकूच्या उजव्या बाजूच्या दाढांवर झाकण आत गेलं होतं. त्याचं वरचं जबड्याचं हाड, म्हणजे टाळू, अरुंद होती. तोंड मिटताना दाढांची टोकं एकमेकांवर आपटायची, मग नीट चावता यावं म्हणून तो खालचा जबडा उजवीकडे सरकवून घ्यायचा. ती सवय नव्हती. त्याच्यापुरता त्याने काढलेला वर्कअराउंड होता तो!

आणि गडबड इथेच आहे. वाढत्या वयात जबडा रोज हजारदा एकाच बाजूला सरकत राहिला तर हाडंही तशीच, कमीजास्त वाढू शकतात. दात नंतर सरळ करता येतात. हाड एकदा वाकडं वाढलं की ते फक्त तारांनी सरळ होत नाही.

सहा ते बारा: तोंडातलं बांधकाम चालू असतं

दुधाचे दात २०. मोठ्या माणसाचे ३२. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे अनेक पालकांना ती दुधाचीच वाटते आणि ती किडली तरी दुर्लक्ष होतं. याच दाढेवरून एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ मध्ये चाव्याचे तीन वर्ग पाडले: पहिल्यात दाढा जुळतात, दुसऱ्यात खालची दाढ मागे असते, तिसऱ्यात ती पुढे असते. आजही दातांच्या फाइलवर "क्लास टू", "क्लास थ्री" लिहिलेलं दिसतं ते तेच.

सहा ते बारा या काळात तोंडात दुधाचे आणि कायमचे दात एकत्र नांदतात. त्यामुळे बऱ्याच गोष्टी विचित्र दिसतात पण त्या बिघाड नसतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट. दात पंख्यासारखे बाहेर फाकलेले दिसतात. इंग्रजीत या टप्प्याला चक्क "कुरूप बदकपिल्लाचा टप्पा" असं नाव आहे. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की ही फट बहुतेक मुलांमध्ये आपोआप मिटते. तेव्हा फक्त फटीसाठी कुणी सात वर्षांच्या मुलाला तारा लावायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेचा सल्ला आहे की सात वर्षांपर्यंत मुलाला एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावं. नीट वाचा: दाखवावं. सातव्या वर्षी उपचार सुरू करावेत असं त्यात कुठेही नाही. तपासलेल्या अनेक मुलांना "सहा महिन्यांनी या" एवढंच सांगितलं जातं, आणि तेही चांगलंच उत्तर आहे.

थांबलं तर चालत नाही असं काय?

मॅडमनी जे सांगितलं आणि मी नंतर जे वाचलं, त्यावरून मी दोन याद्या केल्या. पहिली यादी: ज्यात वेळेला किंमत आहे.

एक, बाजूचा क्रॉसबाइट, विशेषतः हनुवटी सरकत असेल तर. हा आमचा प्रकार.

दोन, पुढचा क्रॉसबाइट. वरचा एखादा पटाशीचा दात खालच्या दातांच्या मागे अडकलेला. यात खालच्या दाताला रोज धक्का बसून त्याची हिरडी खाली उतरू शकते. फक्त दात अडकला असेल तर उपचार सोपा असतो: छोटी स्प्रिंग असलेली काढता-घालता येणारी प्लेट, किंवा चार पुढचे दात आणि दोन दाढा एवढ्यावरच लावलेल्या तारा. बऱ्याचदा काही महिन्यांत काम होतं.

तीन, जबडाच मागे-पुढे असणं. वरचा जबडा मागे राहिला, खालचा पुढे आला, की अख्ख्या पुढच्या दातांची रांग उलटी बसते. यासाठी फेसमास्क असतो: कपाळ आणि हनुवटीवर टेकणारी फ्रेम, तिला रबर लावून वरचा जबडा हळूहळू पुढे ओढायचा. दिवसातले बारा-चौदा तास, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यापासून झोपून उठेपर्यंत. ब्रिटनमध्ये ७ ते ९ वयाच्या ७३ मुलांवर याची चाचणी झाली आणि सहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. फेसमास्क लावलेल्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं तज्ज्ञांचं मत पडलं. न लावलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६६ टक्के होतं. म्हणजे खात्री नाही, पण फरक मोठा आहे. आणि ही संधी वय वाढेल तशी कमी होत जाते.

चार, दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागणं. "दुधाचीच तर होती" म्हणून सोडून देतात. पण ती दाढ खालच्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेली असते. ती गेली की मागची दाढ पुढे घसरते, आणि नव्या दाताला यायला जागाच उरत नाही. यावर स्पेस मेंटेनर नावाची साधी तारेची कडी बसवतात. लोकल, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच.

पाच, अंगठा चोखणं. चार वर्षांनंतरही चालू असेल तर लक्ष द्या. पुढचे दात मिटेनासे होतात आणि टाळू अरुंद होऊ शकते. सतत तोंडाने श्वास घेणारं, घोरणारं मूल असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

थांबलं तर चालतं असं काय?

दुसरी यादी. थोडी गर्दी, थोडा वळलेला दात, फट: यांसाठी बहुतेक वेळा कायमचे दात येईपर्यंत थांबता येतं.

पुढे आलेल्या दातांचं मात्र जरा गुंतागुंतीचं आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून आढावा घेते. त्यांचा निष्कर्ष असा की, वरचे दात पुढे असलेल्या मुलांवर लहानपणी एकदा आणि किशोरवयात पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केले काय, किंवा किशोरवयात एकदाच केले काय, शेवटचा निकाल साधारण सारखाच येतो. एक महत्त्वाचा फरक आहे: लवकर उपचार केले तर पडल्यावर पुढचे दात फुटण्याचं प्रमाण कमी होतं.

म्हणून इथे मूल बघून ठरवायचं. दिवसभर सायकल आणि कबड्डी खेळणारी, ओठ न मिटणारी मुलगी असेल, किंवा शाळेत "ससा, ससा" म्हणून चिडवतात म्हणून हसणंच बंद केलेलं मूल असेल, तर लवकर करण्याला कारण आहे. तसं नसेल तर थांबायला हरकत नाही. या प्रकारात वापरतात तो ट्विन ब्लॉकही अशाच अपघातातून आला. १९७७ मध्ये स्कॉटलंडमधले डॉ. विल्यम क्लार्क यांनी तो पहिल्यांदा वापरला, एका सहकाऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलासाठी. तो मुलगा पडला होता आणि त्याचा पुढचा दात निखळला होता.

चिकूसमोरचे पर्याय

टाळू रुंद करण्यासाठी मॅडमनी तीन गोष्टी टेबलावर ठेवल्या.

पहिली, काढता-घालता येणारी प्लेट, मधे स्क्रू. दुसरी, क्वाड हेलिक्स: दाढांना चिकटवलेली, चार वेटोळी असलेली तार, जी हळूहळू बाहेर ढकलते. तिसरी, हायरॅक्स: दाढांना पट्ट्यांनी पक्की बसवलेली, मधे स्क्रू असलेली चौकट, जिला घरी किल्लीने फिरवायचं.

मी विचारलं, "प्लेटच बरी ना? काढून ब्रश करता येईल." मॅडम हसल्या. "काढता येते हाच तर प्रॉब्लेम आहे. डब्याबरोबर टिश्यूत गुंडाळतात आणि शाळेच्या कचऱ्यात जाते." नंतर मी कॉक्रेनचा आढावा बघितला. सात ते अकरा वयात प्लेट आणि क्वाड हेलिक्स दोन्ही उपयोगी पडतात, पण क्वाड हेलिक्सचं यश जास्त. तोंडात पक्कं बसलेलं उपकरण विसरायची सोयच नसते.

चिकूचे नुसते दात आत झुकलेले नव्हते, टाळूचं हाडच अरुंद होतं. म्हणून मॅडमनी हायरॅक्स सुचवलं. हे कसं चालतं ते ऐका, मला फार आवडलं. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मऊ टाळू असते आणि ती हळूहळू भरते, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. तोंडातल्या टाळूलाही मधोमध एक शिवण असते. दोन हाडं तिथे जोडलेली असतात, आणि ती शिवण किशोरवयात हळूहळू घट्ट होत जाते. लहानपणी बाहेरच्या बाजूला दाब दिला तर शिवण उघडते आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं. मोठ्या वयात त्यासाठी हाडात स्क्रू घालावे लागतात किंवा थेट शस्त्रक्रिया. ही काही नवी युक्ती नाही, १८६० मध्येच अमेरिकेत एमर्सन अँजेल यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीवर असा स्क्रू वापरल्याचं लिहून ठेवलंय.

"बारा वर्षांपर्यंत थांबा" आणि "आत्ता करा" यातला फरक मला तिथे कळला. बाराव्या वर्षीही बहुतेक वेळा टाळू रुंद करता येते. पण मधली पाच वर्षं जबडा सरकतच राहिला असता.

घरी काय झालं

रोज रात्री एक वळण. एका वळणाला पाव मिलिमीटर. किल्लीला दोरा बांधलेला असतो, हातातून सुटून घशात जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी ताईचा हात इतका थरथरला की तिने मला व्हिडिओ कॉल लावला. मी इकडून "पुढून मागे, पुढून मागे" ओरडतोय, दाजी टॉर्च धरून उभे, आणि चिकू तोंड उघडं ठेवून हसतोय. दुखलं नाही, नाकाच्या मुळाशी दाबल्यासारखं वाटलं एवढंच म्हणाला.

चार-पाच दिवस बोलणं बोबडं झालं, लाळ गळायची. आठवडाभर वरण-भात, खिचडी. चिक्की, ऊस, च्युइंगगम बंद. पोहे अडकायचे म्हणून ताईने पिचकारीने चुळा भरायला शिकवलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी आईचा फोन. "अरे, पोराच्या पुढच्या दातांत केवढी फट पडलीय! काय करून ठेवलंत तुम्ही?" ही फट पडणं म्हणजे शिवण उघडतेय याची खूण, आणि ती पुढे आपोआप मिटते, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पण आईला ते पटायला फट मिटायलाच लागली. मधे दर दोन आठवड्यांनी तपासणी झाली. चोवीस वळणांनंतर, म्हणजे सहा मिलिमीटरला, मॅडमनी स्क्रू बंद केला आणि नवं हाड भरेपर्यंत सहा महिने ते तसंच ठेवलं.

आज चिकू तोंड मिटतो तेव्हा हनुवटी मधे असते. खर्च कॉलेजमध्ये झाला म्हणून त्या लाखाच्या कोटेशनच्या पाव भागातही बसला. आणि मॅडमनी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली होती: बाराव्या वर्षी तारा लागणार नाहीत याची हमी नाही. लागल्या तर काम सोपं असेल, एवढंच.

तुम्ही काय करायचं?

मोबाईलचा टॉर्च घ्या. मुलाला मागच्या दाढा दाबून हसायला सांगा. झाकण सगळीकडून बाहेर आहे का बघा. मग तोंड हळूहळू उघडून मिटायला सांगा आणि हनुवटी सरकते का बघा. शंका आली तर दाखवा, आणि डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

१. हा दातांचा प्रश्न आहे की हाडाचा?
२. आत्ता नाही केलं आणि दोन वर्षांनी केलं, तर नेमकं काय बिघडेल?
३. यात काढता येणारं आणि पक्कं बसवायचं असे दोन्ही पर्याय आहेत का?
४. यानंतर पुन्हा तारा लागतील का, आणि एकूण खर्च किती?
५. उपचार करणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. आहेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर निम्मा गोंधळ संपतो. पहिल्या डॉक्टरांना आम्ही तो विचारलाच नव्हता. दुसरीकडे विचारला, तर उत्तरात फक्त सवलतीची तारीख मिळाली.

बजेटची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खाजगी डेंटल कॉलेजांतही हा विभाग असतो. रांग असते, दोन-तीन खेपा जास्त होतात, पण तपासणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. आरोग्य विम्यात हे सहसा येत नाही, तेव्हा पॉलिसी आधी वाचा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. हा भाग तुमच्या ताईला, वहिनीला पाठवा. आणि "दुधाचे आहेत, पडतील" म्हणणाऱ्या आजीला तर नक्कीच ऐकवा. आमच्या आईने दोनदा ऐकलाय, दुसऱ्यांदा शेजारच्या काकूंना घेऊन. भेटूया पुढच्या भागात. तोवर दात घासा, रात्रीसुद्धा!